दहा वर्षांच्या मुलीने दोन लेव्हलच्या चिअर टीममध्ये उतरावं का?

प्रश्न न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईचा आहे. मुलगी दहा वर्षांची, ऑल-स्टार चिअरमध्ये, म्हणजे टीमने स्वतः स्पर्धेत उतरायच्या चिअरलीडिंगमध्ये, रमलेली. सध्या यूथ लेव्हल 2 च्या टीममध्ये ती बेस आहे, म्हणजे दुसरीला खालून उचलून धरणारी. मे महिन्यातल्या निवडीनंतर जिमने कळवलं, की ती या टीममध्ये राहीलच, पण ज्युनियर लेव्हल 3 ला एक फ्लायर, म्हणजे वर उचलली जाणारी मुलगी, कमी पडते आहे, तर तिथेही तिने क्रॉसओव्हर करावं, म्हणजे एकाच सीझनमध्ये दोन्ही टीमकडून स्पर्धेत उतरावं. मुलगी हरखून गेली आहे. घरात मात्र दोन मतं आहेत. शनिवारी भरतनाट्यमचा क्लास, रविवारी सकाळी मराठी शाळा, आणि गेल्या महिन्यापासून सरावानंतर ती टाच दुखते म्हणून थोडी लंगडते. त्यात नाशिकहून सासूबाईंनी विचारलंय, ‘आयपीएलमध्ये नाचतात तेच ना हे?’ आईला एवढंच हवंय: हो म्हणू की नको?

मी पुण्यात जिम्नॅस्टिक्स शिकले आणि अमेरिकेत आल्यापासून ऑल-स्टार टीमना शिकवते. क्रॉसओव्हर करणाऱ्या मुली दरवर्षी माझ्या हाताखाली असतात आणि त्यातल्या कित्येकींना त्याचा खूप फायदा झालेला मी पाहिला आहे. तरीही तुमच्या लेकीसाठी माझं उत्तर आहे: या वर्षी दुसऱ्या टीममध्ये पूर्णवेळ नको. आधी टाच बरी होऊ द्या, मग लेव्हल 3 बरोबर आठवड्यातून एक सराव, स्पर्धेत न उतरता. असं का म्हणते ते नीट सांगते, कारण हा निर्णय लेव्हलच्या आकड्यावरून घ्यायचा नसतो आणि बहुतेक पालक तिथेच अडकतात.

आधी सासूबाईंचं. आयपीएलमध्ये 2008 पासून दिसल्या त्या मुली दुसऱ्यांच्या सामन्यात प्रेक्षकांना चेतवायला होत्या. ऑल-स्टारमध्ये दुसरा कुठला सामनाच नसतो. टीम स्वतः मॅटवर उतरते, अडीच मिनिटांचं रूटीन करते आणि परीक्षक गुण देतात. त्यात टम्बलिंग (मॅटवरच्या कोलांट्या), स्टंट (एकीला हातांवर उचलून धरणं), पिरॅमिड, उड्या आणि शेवटी नाच असतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2021 मध्ये या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. सासूबाईंना समजेल अशी जवळची गोष्ट म्हणजे दहीहंडीचे थर: खाली भक्कम, वर हलकं, आणि सगळ्यांचा श्वास एका तालात. फरक हा, की इथे कोणत्या वयाच्या आणि कोणत्या तयारीच्या मुलीने किती उंच जायचं हे नियमाने ठरलेलं आहे. ते ठरवण्यासाठीच लेव्हल आहेत. अमेरिकेत 2003 मध्ये स्थापन झालेली यूएसएएसएफ ही संस्था ते नियम ठरवते. वयाचे गट वेगळे (टायनी, मिनी, यूथ, ज्युनियर, सीनियर) आणि कौशल्याच्या लेव्हल वेगळ्या, 1 ते 7.

या लेव्हलमध्ये नेमका फरक काय, हे पालकांना कोणी बसवून सांगत नाही. लेव्हल 1 च्या टम्बलिंगमध्ये कोलांट्या, कार्टव्हील, राउंडऑफ (कार्टव्हीलसारखंच, पण उतरताना दोन्ही पाय एकत्र) आणि पुढचे-मागचे वॉकओव्हर, म्हणजे अंगाची कमान करून हातांवरून सावकाश पलीकडे जाणं. लेव्हल 2 मध्ये बॅक हँडस्प्रिंग येते, म्हणजे मागे झेप घेऊन हातांवर आणि तिथून पुन्हा पायांवर. लेव्हल 3 मध्ये धावत येऊन राउंडऑफनंतर टक, म्हणजे हात न टेकता हवेत मागची कोलांटी. स्टंटमध्येही तसंच चढत जातं. लेव्हल 1 मध्ये फ्लायर दोन्ही पायांवर उभी, बेसच्या खांद्यांच्या उंचीपर्यंत. लेव्हल 2 मध्ये दोन्ही पायांवर, पण बेसचे हात पूर्ण वर ताणलेले. लेव्हल 3 मध्ये त्याच पूर्ण उंचीवर एका पायावर. वाचताना एकेक पायरी दिसते, मॅटवर त्यातलं प्रत्येक अंतर मोठं आहे.

तुमच्या मुलीच्या बाबतीत मी पहिल्यांदा पाहीन ते तिचं काम. यूथ टीममध्ये ती बेस आहे आणि ज्युनियरमध्ये तिला फ्लायर करायचं आहे. यात नवल नाही. यूथमध्ये तिच्याहून लहान मुली आहेत म्हणून ती खाली, ज्युनियरमध्ये तेरा-चौदा वर्षांच्या मुली आहेत म्हणून ती वर. ही अदलाबदल मला मनापासून आवडते. जिने दुसऱ्याचं वजन हातांवर तोललंय तिला वर गेल्यावर कळतं, की आपण गुडघा सैल सोडला तर खालच्या मुलीच्या मनगटात काय होतं. बेसचं काम केलेल्या फ्लायर शरीर घट्ट धरतात, खाली बघत नाहीत, आणि स्टंट डळमळला तरी घाबरून उडी टाकत नाहीत. म्हणून कामाचा बदल हा तुमच्या बाजूचा मुद्दा आहे, विरोधातला नाही.

पण लेव्हल 3 मध्ये फ्लायर फक्त फ्लायर नसते. तिला टम्बलिंगही करावं लागतं. गुणपत्रिका अशी असते, की टीममधल्या किती मुली त्या लेव्हलचं टम्बलिंग करतात त्यावर गुणांचा पट्टा, म्हणजे किती ते किती गुण मिळू शकतात, ते ठरतं. संख्या एकाने कमी पडली तर पूर्ण टीम खालच्या पट्ट्यात जाते. म्हणून निवडीच्या वेळी ‘फक्त वर उभी राहायचंय’ असं सांगितलं, तरी डिसेंबरात कोच तुमच्या लेकीकडे बघून म्हणणारच, ‘टक होतोय ना तुझा?’ तुम्ही लिहिलंय की टक तिला ‘जवळजवळ जमतो’, ट्रॅम्पोलिनसारख्या लांब पट्टीवर. त्या पट्टीवरचा टक म्हणजे टक नव्हे. स्पर्धेच्या मॅटवर, दीड मिनिट स्टंट करून दमल्यावर, संगीताच्या ठरलेल्या मोजणीवर, बाजूला दुसरी मुलगी धावत असताना जो टक पडतो तोच तिचा. तोवर तो शिकण्यातला आहे.

इथे थोडं थांबते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. दहा ते तेरा या वयात बऱ्याच मुलींना टम्बलिंगचा अडथळा येतो. काल हँडस्प्रिंग करणारी मुलगी आज धावत येते आणि थांबते. पाय मागे जात नाहीत. ती आळशी नसते आणि नाटकही करत नसते. शरीर मागे फेकायचं म्हणजे जिथे दिसत नाही तिथे जायचं, आणि मेंदू एके दिवशी नकार देतो. उंची वाढत असताना हे जास्त होतं, कारण कालपर्यंतचे हात-पाय आज वेगळ्या लांबीचे असतात. मी पाहिलेले बरेच अडथळे तयारीआधी पुढची उडी मागितल्यावर सुरू झाले. आणि एकदा सुरू झाला, की तो टकपुरता राहत नाही, पक्की असलेली हँडस्प्रिंगसुद्धा सोबत घेऊन जातो. मग एक टीम जपायला गेलो आणि दोन्ही टीममध्ये जागा रिकामी, असं होतं. त्याहून वाईट म्हणजे मुलीला वाटतं की आपण दोन्ही टीमना तोंड दाखवण्यालायक राहिलो नाही.

म्हणून माझा नियम असा: दोन टीममध्ये उतरायचं तर एका टीमची सगळी कौशल्यं डोळे मिटून करता यावीत आणि दुसऱ्या टीममध्ये फक्त एकच गोष्ट नवी असावी. फ्लायर होणं नवं असेल तर टम्बलिंग जुनंच राहू द्या. टक नवा असेल तर स्टंटमध्ये ओळखीचं काम द्या. दोन्ही नवं, वर मोठ्या मुलींची टीमही नवी, हे दहा वर्षांच्या मुलीला एका सीझनमध्ये जास्त होतं.

आता तासांचा हिशोब करू. यूथच्या सरावाचे चार तास, टम्बलिंगचा एक, ज्युनियरचे पाच, भरतनाट्यमचे दोन. एकूण बारा. अमेरिकेतल्या ॲथलेटिक ट्रेनर्सच्या राष्ट्रीय संघटनेने, नाटाने, 2019 मध्ये मुलांसाठी साध्या शिफारशी केल्या: आठवड्यातले संघटित खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, आठवड्यात दोन दिवस सुट्टी हवी, आणि एकच खेळ वर्षात आठ महिन्यांपेक्षा जास्त नको. बालरोगतज्ज्ञांची अमेरिकन अकादमीही वर्षात एकूण तीन महिने त्या खेळापासून दूर राहा म्हणते, तुकड्यांनी घेतले तरी चालतील. चिअरचा सीझन मेमधल्या निवडीपासून पुढच्या वर्षीच्या एप्रिल-मेपर्यंत ताणलेला असतो. म्हणजे एका टीमनेच महिन्यांची ही मर्यादा ओलांडली जाते, आणि हे आमच्या खेळाचं खरं दुखणं आहे. त्यावर दुसरी टीम चढवताना फार विचार करावा लागतो.

नृत्य काही खेळ नाही, मग ते का धरलं, असं तुम्ही विचाराल. टाचेमुळे. वाढत्या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या बाजूला कूर्चेचा एक पट्टा असतो, जिथून हाड वाढतं. पोटरीचा स्नायू त्याला वर खेचतो आणि प्रत्येक उतरणं त्यावर खालून आदळतं. दोन्ही जास्त झालं की तो भाग दुखायला लागतो. याला सेव्हर्स म्हणतात आणि साधारण आठ ते चौदा या वयात ते सर्रास दिसतं. चिअरमध्ये मुलगी उड्यांवरून आणि हँडस्प्रिंगवरून उतरते. भरतनाट्यमच्या अडवांमध्ये, म्हणजे मूळ पदन्यासांमध्ये, अनवाणी, कडक जमिनीवर, अर्धं बसून तळपाय आपटते. दोन्हीकडचे शिक्षक आपापल्या तासापुरतं बघतात. टाच मात्र एकच आहे, आणि आठवड्याची बेरीज तीच करते. इथल्या मराठी, तमिळ, तेलुगू घरांतल्या मुलींमध्ये हे मी वारंवार पाहते आणि दर वेळी आई म्हणते, ‘नाच तर ती आधीपासून करतेच.’ बरोबर आहे, आधीपासून करते, म्हणूनच नव्याने वाढलेला भार ओळखू येत नाही.

घरी बघायचं असेल तर टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून हलकेच दाबा. ती ओरडली किंवा सकाळी उठल्यावर चवड्यांवर चालत बाथरूमला गेली, तर खेळाच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. बहुतेकदा हे भार कमी करून, टाचेखाली उशी घालून आणि पोटरीच्या व्यायामाने बरं होतं. पण भार वाढवत ठेवून बरं होत नाही. लंगडणाऱ्या मुलीला दुसऱ्या टीममध्ये घालणं मी माझ्या जिममध्ये होऊ देत नाही, त्या टीमला तिची कितीही गरज असली तरी.

टाचेशिवाय आणखी दोन जागा लक्षात ठेवा. मनगट, कारण टम्बलिंगमध्ये अंगाचं वजन त्यावर येतं आणि तिथेही हाड वाढण्याचा पट्टा असतो. आणि कंबर. मागे वाकल्यावर कंबरेत एका बाजूला दुखत असेल आणि ते दोन आठवड्यांत गेलं नाही, तर ते ‘स्नायू आखडलाय’ म्हणून सोडू नका. वारंवार मागे वाकण्याने मणक्याच्या मागच्या भागात बारीक भेग जाऊ शकते आणि ती लवकर कळली तर नीट भरून येते.

कंबरेवरून खालच्या लेव्हलचा विषय आला. तुम्हाला जिमने उद्या वेगळंच विचारलं, की लेव्हल 3 राहू दे, लेव्हल 1 च्या टीमला एक बेस कमी आहे, तिथे ये, तर पालक चटकन हो म्हणतात. खालची लेव्हल, सोपी लेव्हल, काय बिघडतं? बिघडतं हे, की लेव्हल 1 मध्ये मागचे वॉकओव्हर सतत असतात आणि कंबरेवर वाकण्याचा ताण त्यात हँडस्प्रिंगपेक्षा सावकाश आणि जास्त वेळ येतो. पाठ दुखणाऱ्या मुलीसाठी लेव्हल 1 सोपी नाही. पाठ निरोगी असेल तर मात्र खाली जाण्याचा फायदा मी स्वतः मिळवून देते. लेव्हल 1 मध्ये वेगाच्या आड लपता येत नाही. खांदे उघडे हवेत, गुडघे सरळ, पाय जुळलेले, आणि गुण त्या नीटपणाचेच मिळतात. लेव्हल 2 ची मुलगी तिथे एक सीझन राहिली, की तिच्या वरच्या टम्बलिंगचा आकार बदलतो. लहान मुलींना धरायचं, त्यांना मोजणी सांगायची, यानेही ती मोठी होते.

पण लेव्हल 4 च्या मुली आणून लेव्हल 1 ची टीम भरायची आणि चषक घरी न्यायचा, याला आमच्यात सँडबॅगिंग म्हणतात आणि मला ते अजिबात मान्य नाही. समोरच्या टीममधली आठ वर्षांची मुलगी जिच्याशी स्पर्धा करते आहे, तिने ते कौशल्य केव्हाच मागे टाकलेलं असतं. किती लेव्हल खाली उतरता येईल, एका मुलीला किती टीममध्ये खेळता येईल, याचे नियम स्पर्धेनुसार आणि सीझननुसार बदलतात. जिमकडून ज्या स्पर्धांना जाणार त्यांचे नियम लेखी मागून घ्या. आणखी एक सवयीचा धोका: राउंडऑफ हँडस्प्रिंगनंतर टक मारायची सवय झालेली मुलगी लेव्हल 2 च्या रूटीनमध्येही न ठरवता टक मारून बसते. तिथे तो नियमबाह्य, आणि कापलेले गुण सगळ्या टीमचे जातात. दोन रूटीन, दोन मोजण्या, दोन शेवट डोक्यात वेगळे ठेवणं ही आपोआप येणारी गोष्ट नाही, तीही शिकवावी लागते.

स्पर्धेच्या दिवसाचा विचार पालक फार उशिरा करतात. मोठ्या स्पर्धा दोन दिवसांच्या असतात. दोन टीम म्हणजे चार रूटीन, आणि प्रत्येकाआधी वॉर्मअप: आधी अंग मोकळं, मग टम्बलिंगची पट्टी, मग स्टंट, मग पूर्ण मॅट. दोन्ही टीमच्या वेळा जवळ आल्या, तर मुलगी एका मॅटवरून उतरून धापा टाकत दुसऱ्या वॉर्मअपला जाते, पाणी नाही, खाणं नाही. वेळापत्रक स्पर्धेच्या जेमतेम काही दिवस आधी येतं. जिमने आयोजकांना क्रॉसओव्हर असलेल्या टीमची यादी दिली असेल तर ते अंतर ठेवायचा प्रयत्न करतात, पण शब्द कोणी देत नाही. सकाळी सहाला केसांची पोनी आणि बो बांधून निघालेली दहा वर्षांची मुलगी संध्याकाळी पाचला एका पायावर, पूर्ण वर ताणलेल्या हातांच्या तळव्यांवर उभी राहणार आहे. तेव्हा ती किती दमलेली असेल, याचा अंदाज तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त चांगला येतो.

जिम हे का मागते, तेही समजून घ्या, म्हणजे नकार देताना कडवटपणा येणार नाही. स्टंटचा एक गट बहुधा चौघींचा: दोन बेस, मागून आधार देणारी बॅकस्पॉट, वर फ्लायर. टीममध्ये एकोणीस मुली असतील तर चार गट होतात आणि तिघी नुसत्या उभ्या. विसावी आली, की पाचवा गट उभा राहतो आणि गुणांचा पट्टा बदलतो. लहान जिमना हे दरवर्षी भेडसावतं. हावरेपणा म्हणून कोणी विचारत नाही, निदान बहुतेक ठिकाणी नाही. पण या गणिताची दुसरी बाजू पालकांना सांगितली जात नाही: दोन टीममधल्या मुलीचा फेब्रुवारीत घोटा मुरगळला तर दोन्ही टीमची रूटीन आठवडाभरात नव्याने बांधावी लागतात, आणि साठ डोळे तिच्याकडे बघतात. ते ओझं त्या मुलीचं नव्हे, पण ती ते घेतेच.

कोचला भेटाल तेव्हा मुलीला बाहेर बसवा. तिच्यासमोर ‘आम्ही नाही म्हणतोय’ हे ठरू नये. विचारा, ज्युनियर टीममध्ये तिला टम्बलिंगमध्ये काय करायला लागेल, आणि डिसेंबरपर्यंत टक पक्का झाला नाही तर काय. विचारा, दोन्ही सराव एकाच संध्याकाळी पाठोपाठ आहेत का. असतील तर दुसऱ्या तासाला ती दमलेल्या पायांनी उडते, पण दोन संध्याकाळी मोकळ्या मिळतात. वेगळ्या दिवशी असतील तर पाय ताजे, पण आठवड्याला सुट्टी उरत नाही. मला स्वतःला पाठोपाठचे चालतात, जर वरच्या लेव्हलचा सराव आधी असेल तर. अवघड काम ताज्या अंगाने व्हावं.

मग तुमचा प्रस्ताव मांडा: डॉक्टरांनी टाच ठीक म्हटल्यावर ती ज्युनियरबरोबर आठवड्यातून एकदा येईल, राखीव फ्लायर म्हणून स्टंट शिकेल, टम्बलिंग लेव्हल 2 चंच करेल, आणि स्पर्धेत उतरणार नाही. बरेच कोच याला आनंदाने तयार होतात, कारण पुढच्या मेमध्ये त्यांना तयार फ्लायर मिळते. ज्युनियरची कोरिओग्राफी बसण्याआधी, म्हणजे बहुतेक जिममध्ये ऑगस्टच्या आत, हे ठरवा. एकदा पिरॅमिडमध्ये तिची जागा बांधली गेली की माघार घेणं सगळ्यांनाच जड जातं. कोणी ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ म्हटलं, तर ते खरं नाही. अकराव्या, बाराव्या वर्षी लेव्हल 3 ला आलेल्या मुली पुढे सीनियरच्या वरच्या टीममध्ये गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

पैशांबद्दल थोडक्यात: दुसऱ्या टीमची मासिक फी बहुधा कमी असते, पण कोरिओग्राफी, संगीत आणि प्रत्येक स्पर्धेची क्रॉसओव्हर फी वेगळी लागू शकते. करारात टीम मध्येच सोडल्यास काय भरावं लागेल तो परिच्छेद सही करण्याआधी वाचा, आणि दुखापतीमुळे सोडल्यास तो लागू होतो का, हे ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.